निकी लाउडा गेला. मोंझा मोठं की फुजी?

मांजराकाठ | २१ मे २०१९, संध्याकाळी ७:४०

सकाळी मोबाईल हातात घेतला आणि पहिलीच बातमी ही. निकी लाउडा गेला. काल, २० मे रोजी, झ्युरिकला. वय ७०. मागच्या ऑगस्टात व्हिएन्नाला फुप्फुस बदललं तेव्हापासून धाकधूक होतीच. पण हा माणूस इतक्यांदा परत आलेला, की यंदाही पिटमध्ये (शर्यतीच्या रस्त्यालगत गाड्या दुरुस्तीला थांबतात तिथे) ती लाल टोपी दिसेल असंच धरून चाललो होतो.

लातुरात फॉर्म्युला वनवर बोलायला माणूस शोधावा लागतो. ऑफिसात बातमी सांगितली तर एकाने विचारलं, "कोण, तो टेनिसवाला का?" म्हणून इथे धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ऑस्ट्रियाचा ड्रायव्हर, तीनदा विश्वविजेता. १९७५ आणि ७७ ला फेरारीकडून, मध्ये निवृत्ती, मग परत येऊन १९८४ ला मॅक्लारेनकडून. २५ शर्यती जिंकल्या. दोन विमान कंपन्या विकून झाल्या तरी हौस फिटली नव्हती. शेवटी मर्सिडीजच्या फॉर्म्युला वन संघाचा अध्यक्ष. लुईस हॅमिल्टनला तिकडे ओढून आणण्यात याचाच हात.

आता प्रश्न. सकाळपासून सगळीकडे एकच किस्सा फिरतोय. १ ऑगस्ट १९७६ ला जर्मनीतल्या नुरबर्गरिंगला गाडीसकट जळाला, दवाखान्यात पाद्र्याने अखेरचा विधीही उरकला, आणि १२ सप्टेंबरला इटलीतल्या मोंझाला परत गाडीत बसून चौथा आला. ते मोठंच आहे, वाद नाही. पण मला त्याच वर्षाची शेवटची शर्यत जास्त मोठी वाटते. २४ ऑक्टोबर, जपानमधलं फुजी. धो धो पाऊस, वर धुकं. लाउडा ६८ गुणांवर, विजेतेपदाचा दुसरा दावेदार जेम्स हंट ६५ वर. लाउडाने दोन फेऱ्या मारल्या, गाडी पिटमध्ये आणली आणि उतरला. अशा पावसात गाडी हाकणं म्हणजे वेडेपणा, असं त्याचं म्हणणं. हंट तिसरा आला, ४ गुण मिळाले. ६९-६८. एका गुणाने विजेतेपद गेलं.

तर मंडळी, मोंझा की फुजी?

बुलेटराजा_उमरगा | ७:५२

पयला नंबर! भावपूर्ण श्रद्धांजली. बाकीचं निवांत वाचतो, टँकर आलाय.

आप्पा_जालनेकर | ८:३५

बातमी वाचून दिवसभर चुटपुट लागून राहिली. आमच्या पिढीचा माणूस.

औरंगाबादला सरकारी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा ‘स्पोर्टस्टार’ नवीन निघालं होतं. होस्टेलवर एक अंक यायचा आणि मधलं रंगीत पान कोण फाडणार यावर भांडणं. बाकीच्यांच्या भिंतीवर गावसकर, विश्वनाथ. माझ्या भिंतीवर लाउडाची ब्रॅबहॅम संघाची लाल गाडी. खोलीत येणारा प्रत्येक जण विचारायचा, हे कोण? कारण चेहरा हेल्मेटात!

त्या वर्षी, म्हणजे १९७८ ला, स्वीडनच्या शर्यतीत ब्रॅबहॅमवाल्यांनी गाडीच्या मागे भला मोठा पंखा बसवून आणला. सांगायचं काय तर रेडिएटर थंड करायला. खरं काम काय तर गाडीखालची हवा उपसून गाडी रस्त्याला चिकटवून ठेवायची. लाउडा आरामात जिंकला. बाकीच्यांनी बोंब ठोकली आणि ती गाडी पुन्हा कधी शर्यतीत उतरली नाही. आम्ही मेकॅनिकलची पोरं त्या पंख्यावर रात्री दोन-दोनपर्यंत वाद घालायचो. एकाने चहाच्या टपरीवरच्या कागदावर हिशोब मांडला होता, पंखा किती रेट्याने गाडी खाली ओढेल याचा. उत्तर असं आलं की गाडी जमिनीत गाडली जायला पाहिजे.

माझं मत मोंझाला. डोक्यावरची जखम ओली, हेल्मेट काढलं की आतली कापडी टोपी रक्ताने चिकटलेली. अशा अंगाने परत त्याच गाडीत बसणं माणसाचं काम नाही.

वाळूजकर | ८:५८

आप्पांना +१. मोंझा.

फुजीबद्दल माझं मत कडू आहे, आधीच सांगतो. मी गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात असतो. एक गाडी उभी करायला किती हात लागतात ते रोज बघतो. फेरारीच्या त्या गाडीमागेही शेकडो माणसं वर्षभर राबली असतील. शेवटच्या दिवशी दोन फेऱ्या मारून एकट्याने ठरवायचं की बास? बाकीचे पावसात चालवत होतेच की. मारिओ आंद्रेत्ती जिंकला, कोणी मेलं नाही, आणि नंतर पाऊसही ओसरला. सावकाश चालवून दोन गुण काढले असते तरी विजेतेपद याचंच होतं.

माणूस म्हणून मान आहेच. पण फुजीला मोठं म्हणणं मला नाही पटत.

पाटलीणबाई_परभणी | ९:२०

वाळूजकर दादा, एक गोष्ट राहिली तुमच्या हिशोबात. आगीत त्याच्या पापण्या गेल्या होत्या. डोळे नीट मिटता येत नव्हते, अश्रूंच्या नळ्यांनाही इजा झालेली. पावसाच्या फवाऱ्यात बाकीच्यांना जेवढं दिसत होतं तेवढंही याला दिसत नव्हतं. आणि एकटाच उतरला असंही नाही. फिट्टिपाल्डी, कार्लोस पाचे, लॅरी पर्किन्स, हेही थांबले. फिट्टिपाल्डी म्हणजे दोन वेळचा विश्वविजेता, कच्चं लिंबू नव्हे.

अजून एक. फेरारीचा मुख्य इंजिनिअर फोर्गिएरी त्याला म्हणाला होता, आपण इंजिन बिघडलं असं सांगू. लाउडाने नको म्हटलं. कारण मीच आहे, तेच सांगा. माझं मत या एका गोष्टीसाठी फुजीला.

(हो, बाई आहे आणि फॉर्म्युला वन बघते. प्रश्न येण्याआधीच उत्तर देऊन ठेवते. आमच्याकडे रविवारी संध्याकाळचा रिमोट माझा.)

मांजराकाठ | ९:२८

ताई, नेमकं हेच म्हणायचं होतं मला. इंजिनवर ढकलायची आयती सोय समोर होती. कोणाला कळलंही नसतं.

चाकोरी_बीड | १०:०५

माफ करा, पण थोडं वेगळं बोलतो. आमच्या तालुक्यात जनावरं छावणीत, माणसं टँकरच्या रांगेत. आणि आपण इथे परदेशातल्या श्रीमंत कारखानदार घराण्यातल्या पोराचं गुणगान करायलोत. पेट्रोल जाळत गोल गोल फिरणं, याला खेळ म्हणायचं? यात शौर्य कसलं? छावणीत रात्रभर जनावरांपाशी जागणाऱ्या म्हाताऱ्याचं शौर्य कोणी लिहीत नाही.

बुलेटराजा_उमरगा | १०:११

गोल गोल फिरायचा कंटाळा आला म्हणून तर त्याने स्वतःच १९७९ ला कॅनडात सरावाच्या मध्येच गाडी सोडली की! घरी निघून गेला. चाकोरी भाऊ, तुमचं आणि लाउडाचं एकमत आहे.

मांजराकाठ | १०:३०

चाकोरी भाऊ, छावणीचं दुःख कोणी नाकारत नाही. आमच्याकडेही नळाला पंधरा दिवसांनी पाणी. त्या म्हाताऱ्यावर धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. पण घराण्याच्या पैशाचं चुकीचं आहे. आजोबांनी याला पैसे द्यायला साफ नकार दिला होता. शर्यती म्हणजे घराण्याला बट्टा, असं म्हाताऱ्याचं मत. पठ्ठ्याने बँकेचं कर्ज काढून संघात जागा विकत घेतली. एका बँकेत कर्ज ठरलं तर आजोबांनीच तिथल्या ओळखीने ते अडवलं, मग दुसरी बँक गाठली. म्हणजे कर्जबाजारी माणूस होता, आपल्यातलाच.

चाकोरी_बीड | १०:४१

कर्ज काढून पेरलं आणि पीक आलं, एवढाच फरक मग. :) वाचतोय. मत बदललेलं नाही.

डॉ_गोदाकाठ | २२ मे २०१९, सकाळी ७:१५

नांदेडहून. रात्रपाळी संपवून लिहितोय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

सगळे चेहऱ्याबद्दल बोलतात, कारण चेहरा दिसतो. जळत्या गाडीत अडकलेल्या माणसाला खरा धोका धुराचा. त्या अपघातात हेल्मेट डोक्यावरून निसटलं होतं आणि तो जळतं प्लास्टिक नि इंधनाचा विषारी धूर थेट ओढत होता. सुरुवातीचे दिवस डॉक्टरांना काळजी होती ती फुप्फुसांची आणि रक्ताची, त्वचेची नंतर. पुढे त्याने शस्त्रक्रिया करून घेतली तीही पापण्यांपुरती, डोळे चालावेत म्हणून. चेहरा दुरुस्त करायच्या भानगडीत पडला नाही. कान अर्धा गेलेला, तसाच ठेवला.

पुढचं कमी लोकांना माहीत असतं. दोनदा मूत्रपिंड बदललं. १९९७ ला सख्ख्या भावाने दिलं. ते निकामी झाल्यावर २००५ ला त्याच्या मैत्रिणीने दिलं, जिच्याशी त्याने नंतर लग्न केलं. अवयव बदललेल्या माणसाला आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं घ्यावी लागतात, साधा सर्दी-खोकलाही अंगावर काढता येत नाही. अशा अवस्थेत हा विमानं उडवत होता आणि जगभर शर्यतींना हजर राहत होता. इथे बसून ७६ चा धूर आणि २०१८ चं फुप्फुस यांचा संबंध जोडणार नाही, तेवढी माहिती माझ्याकडे नाही आणि व्हॉट्सॅपवर ते काम चालूच आहे.

रच्याकने, त्याला बाहेर काढलं कोणी? मार्शलांनी (रस्त्याकडेला मदतीला ठेवलेल्या माणसांनी) नाही. जवळजवळ तेवीस किलोमीटरचा डोंगरातला रस्ता, मार्शल असून असून किती असणार. मागून आलेले चार ड्रायव्हर गाड्या थांबवून आगीत शिरले. गाय एडवर्ड्स, ब्रेट लंगर, हराल्ड एर्टल आणि आर्तुरो मेर्झारियो. पट्टा सोडवला मेर्झारियोने, ज्याची फेरारीतली जागा लाउडा-रेगाझोनी जोडी आल्यावर गेली होती.

आमच्या अपघात विभागात दर आठवड्याला एक तरी पेशंट असा येतो, ज्याच्याभोवती अर्धा तास माणसं उभी होती. व्हिडिओ असतो, उचलणारं कोणी नसतं. विचारलं तर म्हणतात, साहेब पोलिसांचं लफडं नको. २०१६ पासून सर्वोच्च न्यायालयाचे नियम आहेत. जखमीला आणणाऱ्याने नावसुद्धा सांगायची सक्ती नाही, त्याला दवाखान्यात अडकवून ठेवता येत नाही, त्याच्याकडे पैसे मागता येत नाहीत. तेवढं तरी चार जणांना सांगा.

मोंझा-फुजी? आधी झोपतो.

पाटलीणबाई_परभणी | ८:०२

डॉक्टरसाहेब, प्रतिसाद घरच्या ग्रुपवर टाकतेय, नियमांचा भाग.

आणि त्या रस्त्याबद्दल एक भर. ही शर्यत इथे नको, आग लागली तर मदत पोचणार नाही, असं शर्यतीआधी ड्रायव्हरांच्या बैठकीत सांगणारा लाउडाच होता. मतदान झालं, याची बाजू पडली. लोक म्हणाले घाबरला. आणि याच माणसाने आदल्या वर्षी तिथे ६ मिनिटं ५८.६ सेकंदांची फेरी मारली होती, सात मिनिटांच्या आतली पहिली! त्या रस्त्यावर सगळ्यात जोरात पळणाराच म्हणत होता की रस्ता धोक्याचा आहे. त्या अपघातानंतर जुन्या नुरबर्गरिंगवर फॉर्म्युला वन पुन्हा झालं नाही.

एसटीपुत्र_अंबाजोगाई | ११:४०

बरेच महिने नुसता वाचक होतो. फुजीवरचा वाद वाचून राहवलं नाही.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. मी सहावी-सातवीत असेन. परळीकडून येताना त्यांच्याच गाडीत होतो, मागे कंडक्टर काकांजवळ. पाऊस म्हणजे कोसळत होता. एका बुटक्या पुलावर पाणी चढलेलं. फार नाही, कठड्याचे दगड दिसत होते. वडिलांनी गाडी अलीकडे थांबवली, इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. किल्ली खिशात टाकलेली मला स्पष्ट आठवते, कारण त्यानंतर जो गोंधळ झाला तो त्या किल्लीवरूनच. गाडीत एक लग्नाचं वऱ्हाड होतं. मुहूर्त टळत होता. आधी विनवण्या, मग शिव्या. एक जण म्हणाला, "ड्रायव्हर, बांगड्या भर." वडील बोलले नाहीत. तंबाखू मळत बसले.

तेवढ्यात मागून एक जीप आली, वऱ्हाडातले चार-सहा जण तिच्यात कोंबून बसले आणि जीप पाण्यातून आरामात पलीकडे गेली. काहीच झालं नाही. पलीकडे जाऊन त्यांनी हॉर्न वाजवला, आम्हाला चिडवायला.

पाणी उतरायला रात्र झाली. पुढे कित्येक वर्षं गावात वडिलांना त्यावरून चिडवायचे. आभाळ भरून आलं की पारावरचा कोणीतरी म्हणायचाच, मामा आज गाडी नेताय ना? मी मोठा झाल्यावर एकदा विचारलं, जीप गेली तेव्हा वाईट नाही वाटलं? ते म्हणाले, जीपमध्ये सहा होते, माझ्याकडे बावन्न.

वाळूजकर, तुम्ही म्हणता फुजीला कोणी मेलं नाही, पाऊसही थांबला. बरोबर आहे. पण ते नंतर कळलं ना. पिटमध्ये गाडी आणताना कोणाला माहीत होतं?

बुलेटराजा_उमरगा | ११:५५

एसटीपुत्र भाऊ, प्रतिसाद म्हणजे नादच खुळा. लिहीत जा की राव, गप कामून बसता.

वाळूजकर | दुपारी १:१०

एसटीपुत्र, जेवणाच्या सुट्टीत वाचलं, दोनदा वाचलं. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

तरी थोडा वाद घालतो, रागावू नका. तुमच्या वडिलांकडे बावन्न जीव होते. लाउडा एकटा होता, स्वतःचा जीव आणि संघाचं वर्ष एवढाच सौदा. ती जबाबदारी वेगळी. आणि फेरारीवाले त्यानंतर त्याच्याशी नीट वागले नाहीत हेही खरं, तो मोंझाला परतायच्या आधीच त्यांनी रॉइटेमान या दुसऱ्या ड्रायव्हरला करारबद्ध करून ठेवलं होतं. यानेही पुढच्या वर्षी विजेतेपद जिंकून दाखवलं आणि हंगाम संपायच्या आत राजीनामा फेकला. तो राजीनामा मला फुजीपेक्षा जास्त आवडतो!

आप्पा_जालनेकर | १:४०

वाळूजकर, म्हणजे तिसरा उमेदवार उभा केलात. उद्या मतमोजणी आहेच.

संपादक | १:४५

निवडणुकीवर स्वतंत्र धागे आहेत. इथे फक्त चार चाकांवर बोला.

बुलेटराजा_उमरगा | २:०५

मग बैलगाडीवर बोलायचं नाही का? दोनच चाकं असतात. :)

अवांतर आहे पण सांगतोच. आमच्याकडे पट, म्हणजे बैलांच्या शर्यती, असायचा तेव्हा अख्खी पंचक्रोशी लोटायची. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, तेव्हापासून मैदान ओस. एक पट हाकणारा होता, नाव नाही सांगत, बैल थोडा जरी लंगडतोय वाटलं तर जुंपायचाच नाही. पैज हरली तरी चालेल. लोक हसायचे. म्हणजे फुजीवाले आपल्याकडेही होते.

आता मुख्य विषय. लाउडाने म्हणे जिंकलेल्या ट्रॉफ्या गावातल्या गॅरेजवाल्याला देऊन टाकल्या आणि बदल्यात आयुष्यभर गाडी फुकट धुवून घ्यायचं ठरवलं. खरं का हे?

पाटलीणबाई_परभणी | २:१२

खरं आहे. ट्रॉफ्या कुरूप असतात, घरात जागा अडवतात, असं त्याचं मत.

मांजराकाठ | २:२०

लातुरात चालणार नाही हा व्यवहार. विश्वविजेतेपद दिलं तरी बादलीभर पाणी मिळायचं नाही.

चाकोरी_बीड | २:३१

हा प्रतिसाद आवडला. ज्या शहराला रेल्वेने पाणी आणावं लागलं त्याने विनोद करावा, आम्ही हसू.

नवखा_हिंगोली | संध्याकाळी ६:५०

वाचतोय, लई भारी धागा. मी सेबास्टियन वेट्टेलपासून बघायला लागलो, जुनं माहीत नाही. एक प्रश्न: १९८४ चं विजेतेपद अर्ध्या गुणाने जिंकलं म्हणतात. अर्धा गुण कसा काय असतो?

आप्पा_जालनेकर | ७:३०

विचारलंत ते बरं झालं. १९८४ ला मॅक्लारेनमध्ये लाउडा आणि अलेन प्रॉस्ट दोघं एकाच संघात. त्या वर्षी मोनॅकोला धुवांधार पाऊस झाला आणि शर्यत निम्म्यावरही न जाता थांबवली. अंतर अपुरं म्हणून सगळ्यांना निम्मे गुण. प्रॉस्ट पहिला होता, त्याला ९ ऐवजी साडेचार मिळाले. मागून आयर्टन सेना नावाचं नवीन पोरगं तुफान येत होतं, तो दुसरा.

वर्षाअखेरीस लाउडा ७२, प्रॉस्ट साडेएकाहत्तर. प्रॉस्टने सात शर्यती जिंकलेल्या, लाउडाने पाचच! गंमत बघा, मोनॅकोची शर्यत पूर्ण झाली असती आणि सेनाने प्रॉस्टला गाठून तो दुसरा जरी आला असता, तरी त्याला ६ गुण मिळाले असते आणि तो विश्वविजेता झाला असता. म्हणजे ७६ ला पावसाने याचं नेलं, ८४ ला पावसानेच परत केलं. शेवटच्या शर्यतीला पोर्तुगालमध्ये हा अकराव्या जागेवरून निघून दुसरा आला, तेवढंच हवं होतं.

वाळूजकर | २३ मे २०१९, रात्री १०:१५

संपादकांची क्षमा मागून एकच ओळ: आज औरंगाबादेत मतमोजणी बघितली, अर्ध्या गुणाची किंमत कळली.

संपादक | १०:२०

एकच ओळ म्हणून ठेवली.

पंखवेडा | २५ मे २०१९, सकाळी १०:०५

मूळ सेलूचा, सध्या पुण्यात, विमान दुरुस्तीच्या क्षेत्रात. तुमची मोंझा-फुजी चर्चा वाचली. माझ्यासाठी या माणसाचं सगळ्यात मोठं काम शर्यतीच्या रस्त्यावर झालेलंच नाही.

२६ मे १९९१. त्याच्या लाउडा एअरचं बोइंग ७६७ बँकॉकहून व्हिएन्नाला निघालं आणि थायलंडच्या जंगलात पडलं. २२३ माणसं होती, कोणी वाचलं नाही. मालक स्वतः जंगलात त्या तुकड्यांमध्ये गेला. नंतर कळलं की हवेतच डाव्या इंजिनाचा थ्रस्ट रिव्हर्सर उघडला होता. म्हणजे उतरल्यावर विमान थांबवायला इंजिनाचा झोत उलटा फिरवणारी यंत्रणा चढत असताना चालू झाली. तोपर्यंत समजूत अशी की असं झालं तरी वैमानिक विमान सावरू शकतो. लाउडाने सिम्युलेटरवर स्वतः पुन्हा पुन्हा करून पाहिलं. सावरत नाही. मग बोइंगच्या मागे लागला, हे उघडपणे लोकांना सांगा म्हणून. त्यानंतर हवेत रिव्हर्सर उघडूच नये यासाठी जादा कुलपं बसवली गेली.

तो नंतर म्हणायचा की शर्यतीत जीव गेला तर माझा, तो माझा प्रश्न. तिकीट काढून बसलेल्या माणसाचं तसं नाही. सध्या मार्चपासून बोइंगची ७३७ मॅक्स जगभर जमिनीवर उभी आहेत. अशा वेळी हा माणूस हवा होता.

उद्या २६ तारीख. आणि उद्याच मोनॅकोची शर्यत.

एसटीपुत्र_अंबाजोगाई | १०:४०

हे माहीत नव्हतं. वाळूजकर, बावन्न आणि एकट्याचा तुमचा फरक त्यालाही मान्य होता म्हणायचं.

वाळूजकर | ११:१५

मान्य. पण मग फुजीला माझाच मुद्दा खरा ठरतो की! तिथे एकट्याचाच जीव होता ना.

पाटलीणबाई_परभणी | ११:२२

दादा, फिरून भोपळे चौकात. एकट्याचा जीव आहे म्हणूनच तो कधी वापरायचा ते त्याने ठरवायचं, फेरारीने नाही.

मांजराकाठ | २६ मे २०१९, रात्री ८:५५

बघितलं का कोणी?? काय शर्यत झाली! लाल टोप्या घालून सगळे ड्रायव्हर उभे होते. हॅमिल्टनच्या आणि वेट्टेलच्या हेल्मेटावर लाउडाचे रंग. मर्सिडीजचा हेलोही (ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीची संरक्षक कडी) लाल केलेला.

पाटलीणबाई_परभणी | ९:०५

अख्खी बघितली. हॅमिल्टनला अकराव्या फेरीलाच मध्यम टायर घालून पाठवलं आणि तेच शेवटपर्यंत पुरवायचे होते. बाकीच्या पुढच्यांकडे कडक टायर. पस्तीस-चाळीस फेऱ्या रेडिओवर नुसती कुरकुर, टायर गेले, टायर गेले. मागे व्हर्स्टापेन नाकाला नाक लावून. शेवटी शेवटी त्याने आत घुसायला बघितलं, चाकं घासली तरी हा सुटला! पाच सेकंदांच्या दंडामुळे व्हर्स्टापेन चौथा. वेट्टेल दुसरा, बोटास तिसरा. आमच्याकडे दोन वेळा भाजी करपली.

बुलेटराजा_उमरगा | ९:१०

आमची शेवटच्या दहा फेऱ्यांना लाईट गेली. मोबाईलवर बघायला लागलो तर नेट गोल गोल फिरायलं. लाउडा सारखाच कंटाळलो.

डॉ_गोदाकाठ | २९ मे २०१९, रात्री ११:३०

आज व्हिएन्नाला अंत्यदर्शन झालं, सेंट स्टीफन्सच्या मोठ्या चर्चमध्ये. पेटीवर हेल्मेट ठेवलेलं, आणि आत त्याला फेरारीचा रेसिंग सूट घातला होता. ज्या संघाशी भांडून बाहेर पडला त्याचाच. वाळूजकर, तुमच्या त्या राजीनाम्याला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

माझं मत द्यायचं राहिलं होतं. एक वैद्यकीय गोष्ट सांगून देतो. भाजलेला माणूस बरा होताना पहिले काही आठवडे एका तारेत असतो, काहीतरी करून दाखवायची जिद्द असते. ती तार मी बघितलेली आहे, मोंझा मला कळतं. ती उतरते दोन-तीन महिन्यांनी. तेव्हा भीती खरी आत शिरते, झोप उडते. फुजी म्हणजे अपघातानंतरचे बारा आठवडे. नेमका तो काळ. त्या काळात सगळ्या जगासमोर म्हणणं की नाही जमत, आणि इंजिनाचा बहाणाही न करणं... माझं मत फुजी. निर्णय बरोबर होता की चूक, ते वाळूजकरांवर सोडतो.

वाळूजकर | ३० मे २०१९, सकाळी ८:२०

डॉक्टर, निर्णय संघाच्या बाजूने चूकच. तिथून हलणार नाही. बहाणा न करण्याबद्दल मात्र पूर्ण गुण. आमच्याकडे लाईन बंद पडली की पहिलं वाक्य "मशीनचा प्रॉब्लेम" हेच असतं, मग मशीन बिचारं चालू असलं तरी.

आप्पा_जालनेकर | ९:००

माझं मोंझाच. म्हातारा झालो, भिंतीवरचं चित्र बदलत नाही आता.

चाकोरी_बीड | ९:४५

मी रविवारी मोनॅको बघितलं. सहज, चॅनेल बदलताना. पूर्ण नाही, शेवटचा अर्धा तास. कळलं काही नाही, पण सोडवलंही नाही. पुढची कधी असते?

पाटलीणबाई_परभणी | ९:५०

९ जून, कॅनडा. आपल्याकडे रात्री ११:४० ला सुरू होईल. इन्व्हर्टर चार्ज करून ठेवा.

बुलेटराजा_उमरगा | ९:५३

आणि टँकर रात्री येणार असेल तर आधीच विचारून घ्या.